पांढरा डाग पॉलिशात, काळा लाकडात

दोन वर्षांपूर्वीच्या चतुर्थीला मोदकपात्र चुलीवरून उतरवलं आणि ठेवायला जागा दिसेना म्हणून भाऊआजोबांच्या टेबलावर ठेवलं. खाली फडकं होतं, पण ते ओलं होतं. दहा मिनिटांनी उचललं तर टेबलाच्या मधोमध सायीसारखं पांढरं वर्तुळ उमटलेलं, पुरतं गोल. कोरड्या फडक्यानं पुसलं, नखानं खरवडून पाहिलं. जाईना. देवघरात आरती सुरू झाली होती, झांजा वाजत होत्या, आणि माझे पाय टेबलापासून हलेनात.

भाऊआजोबा म्हणजे बाबांचे वडील. प्राथमिक शाळेत मास्तर होते. कुडाळजवळच्या आमच्या घरात पडवी ओलांडून आत आलं की उजव्या हाताला हे टेबल. परड्यातला साग पाडून केलेलं. डाव्या बाजूला त्यांच्या कोपराखाली घासून घासून पॉलिश पातळ झालेलं, तिथं लाकूड मधासारखं दिसतं. उजवीकडे लाल शाईच्या दौतीचा एक जुना, काळपट डाग. मी त्या टेबलावर बाराखडी गिरवली. त्यामुळे ते वर्तुळ मला टेबलावर दिसत नव्हतं, भाऊंच्या पाठीवर चटका बसावा तसं दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी मेस्त्री दर्शनाला आले. आमच्याकडे सुताराला मेस्त्रीच म्हणतात. सत्तरी ओलांडलेले, आणि हे टेबल त्यांच्या वडिलांच्या हातचं. मी काही बोलण्याआधीच त्यांची नजर तिकडे गेली. त्यांनी त्या गोलावरून बोट फिरवलं, मान वाकडी करून खिडकीच्या उजेडात आडवं पाहिलं आणि म्हणाले, "पांढरो डाग पॉलिशात आसता, काळो लाकडात. ह्यो पॉलिशात आसा. भियाव नको."

हे एक वाक्य मला त्या दिवशी कळलं असतं तर रात्रभराची झोप वाचली असती. वाफ पॉलिशच्या थरात शिरते, थर धुरकट होतो, काचेवर श्वास सोडल्यासारखा. लाकडाला अजून काही झालेलं नसतं. पण पाणी थर ओलांडून आत गेलं, तिथं एखादा लोखंडी खिळा किंवा गंजकं भांडं असलं, की लाकडातल्या तुरट द्रव्याची आणि लोखंडाची गाठ पडते आणि डाग काळा उमटतो. पांढरा डाग पुसता येतो. काळ्यासाठी वरचं पॉलिश काढून ऑक्झॅलिक ॲसिडनं लाकूड उजळवावं लागतं. ते विषारी असतं, हातमोज्यांशिवाय आणि मुलाबाळांच्या आसपास करायचं काम नाही.

"मग आज करता का?" मी विचारलं.

"पावसात नाय गो बाय. आता हात मारलंय तर सगळाच पांढरा पडतला. माघात बोलव."

स्पिरिटमधलं पॉलिश लावलं की स्पिरिट झपाट्यानं उडून जातं, जाताना पृष्ठभाग गार करतं, आणि हवेतला दमटपणा त्या गार, ओल्या थरावर बसून आत अडकतो. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पिणाऱ्या सिंधुदुर्गात भाद्रपदातली हवा कशी असते ते तिथं पापड सादळताना पाहिलेल्या कोणालाही सांगायला नको. आणि नेमकं याच दिवसांत आपल्याकडे लाकूड चकचकीत करायची घाई असते. गणपती येणार म्हणून दारं, झोपाळे, देव्हारे, सगळ्यांवर एकेक हात मारून हवा असतो. मला मनापासून वाटतं की ही पद्धत बदलायला हवी. दिवाळी उलटून हवा कोरडी झाली की शिमग्यापर्यंतचे दिवस पॉलिशचे. गणपतीसाठी घर सजवायचं तर त्याची तयारी आदल्या माघात करावी.

जाण्याआधी मेस्त्रींनी घरातलं इंजेक्शनच्या वेळी लावतात ते स्पिरिट मागितलं. ड्रॉवर बाहेर काढला, त्याच्या आतल्या कडेवर, जिथं कोणाची नजर जाणार नाही तिथं, कापसाचा ओला बोळा क्षणभर टेकवला. कापूस चिकटला. उचलला तर त्याला तपकिरी रंग लागलेला. "चपडो," ते म्हणाले, आणि चहा पिऊन गेले.

घरात कुठलंही जुनं लाकडी सामान असेल आणि त्याला काय करावं असा प्रश्न असेल तर आधी हा एक थेंब टेकवून पाहा. विरघळलं तर लाख. स्पिरिटला दाद देत नाही पण थिनरनं मऊ पडतं, तर लॅकर. दोन्हींना जुमानत नाही, तर बहुतेक मेलामाईन किंवा पीयू (पॉलियुरेथेन), ही रसायनांची पक्की पॉलिशं. वर काय आहे हे ठाऊक नसताना नवीन काही लावणं म्हणजे नाडी न बघता औषध देणं.

चपडा म्हणजे लाखेच्या पातळ पापड्या. पळस, बोर, कुसुम या झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर लाखेचे किडे बसतात, रस शोषतात आणि अंगाभोवती राळेचं कवच तयार करतात. झारखंड आणि छत्तीसगडमध्ये ही लाख शेतीसारखी घेतली जाते, कुसुमी आणि रंगीनी अशा तिच्या दोन जाती, प्रत्येकीची वर्षाला दोन पिकं. रांचीजवळ नामकुमला १९२४ साली लाखेवर संशोधन करणारी संस्था निघाली, इतका या किड्याला मान होता. फांद्यांवरची लाख खरवडतात, कुटतात, धुतात. मग जुन्या पद्धतीत ती लांबलचक कापडी नळीत भरून भट्टीपुढे धरतात. नळी पिळली की वितळलेली लाख बाहेर पाझरते. तो गोळा चपटा करून, गरम असतानाच, कारागीर दोन्ही हातांत, पायांच्या बोटांत आणि दातांत धरून चादरीसारखा ताणतो. उजेडात धरला तर पलीकडचं दिसावं इतका पातळ. गार झाल्यावर त्याचे तुकडे करतात, तोच चपडा. हा चपडा स्पिरिटमध्ये विरघळवून लाकडावर चढवायच्या कामाला फ्रेंच पॉलिश म्हणतात, कारण बोळ्यानं थरावर थर चढवायची ती रीत एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रान्समध्ये नावारूपाला आली. पण बोळ्यातली लाख आपल्या रानातली. भाऊंच्या कपाटात बालगंधर्वांच्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्या होत्या, त्याही लाखेच्याच. टेबलावर ग्रामोफोन, ग्रामोफोनवर तबकडी, आणि वरपासून खालपर्यंत एकाच किड्याची करणी. हे कळलं तेव्हा भाऊ असायला हवे होते, त्यांनी ते दुसऱ्या दिवशी वर्गात सांगितलं असतं.

माघात मेस्त्री आले. सकाळचे दहा वाजू दिले, दव उडून जाऊ दिलं. सोबत एक जुनी सुती साडी, कापूस, चपड्याची बाटली आणि खोबरेलाची छोटी कुपी. कापसाची मुठीत मावेल अशी गोळी करून ती साडीच्या तुकड्यात बांधली, तुकड्याला सुरकुती राहू दिली नाही. आधी बोळ्यात नुसतं स्पिरिट, तेही इतकं कमी की तो गालाला लावला तर फक्त गार लागावा. पांढऱ्या वर्तुळावरून त्यांनी तो वाऱ्यासारखा फिरवला, एकदा, दोनदा, मग थांबून वाट पाहिली. सहाव्या की सातव्या वेळी वर्तुळाची कडा फुटली. आत अडकलेला दमटपणा मऊ झालेल्या थरातून बाहेर पडत होता. मी श्वास धरून पाहत होते. अर्ध्या तासात तिथं फक्त टेबल होतं, किंचित निस्तेज.

त्यानंतर चपडा. लिटरभर स्पिरिटला साधारण दोनशे ग्रॅम, रात्रभर विरघळू दिलेला, वरून गाळलेला. बोळ्याच्या तळाला बोटानं खोबरेलाचा एक थेंब, म्हणजे तो अडखळत नाही. बोळा टेबलाच्या एका कडेनं आत यायचा, इंग्रजी आठासारखी वळणं घेत जायचा आणि दुसऱ्या कडेनं बाहेर. मध्ये कुठं थांबायचं नाही. थांबला की चिकटला, चिकटला की खालचा थर घेऊन वर आला. मेस्त्रींनी बोळा माझ्या हातात दिला तेव्हा पहिल्याच फेरीत माझा हात मध्यावर कचरला आणि बोळ्याच्या आकाराची जखम उमटली. ते काही बोलले नाहीत. सुकू दिलं, बारीक ३२० नंबरच्या पॉलिशपेपरनं हलकेच घासलं, पुन्हा बोळा दिला.

लाखेचं हेच मला सगळ्यात मोठं वाटतं. तिचा नवा थर जुन्या थराला थोडंसं विरघळवतो आणि दोन्ही एक होतात. वर चढवलेलं वेगळं राहत नाही. ऐंशी वर्षांपूर्वी मेस्त्रींच्या वडिलांनी मारलेला हात आणि माझा कचरलेला हात त्या टेबलावर आता एकाच पापुद्र्यात आहेत. मेलामाईन किंवा पीयूचं तसं नसतं. त्यांचे दोन भाग मिसळले की रासायनिक क्रिया होऊन थर कायमचा कडक होतो. त्याला पाणी, चहा, गरम ताट काही करत नाही, हे खरं. पण एकदा त्याला चर पडली, की नवा थर वर बसतो, आत मिसळत नाही. जोड दिसतो. मग सगळंच खरवडायचं.

ते खरवडणं काय असतं ते आम्ही एकदा भोगलं आहे. आजीचं फडताळ पुण्याला आणलं तेव्हा जुन्या फर्निचरचं काम करणाऱ्या एका दुकानात दिलं. मी सांगितलं, स्वच्छ करा आणि पॉलिश करा. तीन आठवड्यांनी परत आलं तेव्हा ओळखेना. यंत्रानं घासून कडांची गोलाई गेलेली, दारांवर आजीच्या तेलकट बोटांनी जो काळसर, मऊ झळाळ आला होता तो गेलेला, आणि वर गडद कॉफी रंगाचं जाड पीयू. आतल्या बाजूला आजीनं पेन्सिलीनं लिहिलेले हिशेब होते, दूध किती, तांदूळ किती. तेही घासून टाकले होते. त्यांनी त्यांच्या दृष्टीनं चोख काम केलं होतं. राग आजही जात नाही, आणि त्यातला अर्धा स्वतःवर आहे, कारण काय ठेवायचं हे मी सांगितलंच नाही. जुनं सामान कोणाच्याही हाती देताना चार गोष्टी कागदावर लिहून द्याव्यात. काय काढायचं नाही, यंत्र कुठं लावायचं नाही, रंग घालायचा का, आणि वर कुठलं पॉलिश. शक्य असेल तर आधी एका लपलेल्या कोपऱ्यावर नमुना करून घ्यावा आणि दिवसाच्या उजेडात पाहावा.

याचा अर्थ पीयू वाईट असा नाही. चार माणसं रोज जेवतात त्या टेबलावर मी लाख सुचवणार नाही. लाखेला गरम भांडं सोसत नाही, साधारण ऐंशी अंशांच्या आतच ती मऊ पडते. साबणाचं पाणीही तिला चालत नाही. लहान मुलं, सांडलेलं वरण, दिवसातून तीनदा ओलं फडकं, तिथं पीयूच. पडवीतल्या झोपाळ्याला ऊन लागत असेल तर घराबाहेरच्या वापराचं, ऊन सोसणारं पीयू घ्यावं, नाहीतर ते दोन उन्हाळ्यांत पिवळं पडून सोलायला लागतं. नवीन सागाला पीयू लावण्याआधी थिनरच्या फडक्यानं पुसून घ्यायला सांगावं. सागात स्वतःचं तेल असतं, त्यामुळे तो वाळवीला पुरून उरतो, आणि त्याच तेलामुळे पॉलिश त्याला नीट धरत नाही. मेलामाईन स्वस्त पडतं, पण त्याच्या वासानं डोळे चुरचुरतात, कारण सुकताना त्यातून फॉर्मल्डिहाइड सुटतं. बाळंतीण किंवा दमेकरी घरात असेल तर ते काम घरात करू देऊ नये.

मेस्त्रींनी टेबल उलटं करून खालच्या बाजूलाही एक हात मारला. कोण बघतंय, असं माझ्या मनात आलं, तेवढ्यात ते म्हणाले की एकाच बाजूनं तोंड बंद केलंस तर लाकूड दुसऱ्या बाजूनं पाणी पितं आणि फळी वाकते. लाकूड मेलेलं नसतं हे आपण म्हणतो, पण ते दर पावसाळ्यात आडवं फुगतं आणि उन्हाळ्यात आवळतं, हे विसरतो. कोकणातलं सामान घाटावर नेलं की पहिल्या चैत्रात फळीला तडा जातो, तो त्यामुळे. पॉलिश हे थांबवत नाही, फक्त सावकाश होऊ देतं.

तेलाबद्दल मात्र मला मोठ्यानं सांगायचं आहे, कारण मी त्यात दोनदा चुकले. देव्हारा कोरडा दिसतो म्हणून मी दर अमावास्येला त्याला खोबरेल चोळायची. पहिले दोन दिवस सुरेख दिसायचा. वर्षभरात त्यावर हळद, कुंकू, उदबत्तीची राख आणि धूळ यांचा चिकट लगदा बसला. खोबरेल सुकत नाही, ते ओलंच राहतं. लाकडावर सुकून थर धरणारं तेल म्हणजे जवसाचं. ते हवेतला प्राणवायू घेतं आणि घट्ट होतं. दुकानात मिळतं ते ‘डबल बॉइल्ड’ लवकर सुकतं, पण त्यात धातूचे क्षार घातलेले असतात, म्हणून पोळपाट, काठवट, पाट अशा जेवणाच्या वस्तूंना ते लावू नये. त्यांना औषधाच्या दुकानातलं लिक्विड पॅराफिन पुरे, किंवा काहीच नको, धुवून उभं करून सावलीत वाळवणं पुरे.

दुसरी चूक याहून गंभीर. देव्हारा सोड्याच्या पाण्यानं साफ करून, सुकवून, मी त्याला जवसाचं तेल लावलं आणि तेलकट फडकी गोळा करून बादलीत टाकली. दुपारी बादली उचलायला गेले तर फडकी गरम लागली. उन्हात नव्हती, विस्तव जवळ नव्हता. चुरगळलेल्या गोळ्याच्या आत हात घातला तर उकडलेल्या बटाट्यासारखी ऊब. तेल सुकताना उष्णता सोडतं, आणि फडक्याच्या गोळ्यात ती कोंडली की आपोआप पेट घेतं. मी ती अंगणात नेऊन पाण्यात बुडवली, हात कापत होते. जवसाच्या तेलाचं फडकं कधीही चुरगळून ठेवू नका. दोरीवर एकेक पसरून वाळू द्या किंवा पाण्यात बुडवून मगच टाका.

रोजच्या काळजीला काही लागत नाही. जुन्या सुती साडीचा मऊ तुकडा, कोरडा. फार मळलं तर घट्ट पिळलेला ओला आणि लगेच मागून कोरडा. काच पुसायचं निळं पाणी लाखेला लावू नये. आणि ते क्षणात चकाकी आणणारे फवारे घरात आणूच नयेत असं माझं ठाम मत आहे. त्यातल्या बऱ्याच फवाऱ्यांमध्ये सिलिकोन असतं, ते लाकडाच्या रेषांत मुरतं, आणि पुढं कधी पॉलिश करायला गेलं की पॉलिश त्यावरून सरकतं, जागोजाग माशाच्या डोळ्यासारखे खळगे पडतात. त्यापेक्षा वर्षातून एकदा मधमाश्यांचं मेण. एक भाग मेण, तीन-चार भाग टर्पेंटाइन. मेण साठ-पासष्ट अंशांला वितळतं, म्हणून भांडं गरम पाण्यात ठेवून वितळवायचं, गॅस बंद करून आणि खोलीबाहेर नेऊन मग टर्पेंटाइन मिसळायचं. बोटभर लावायचं, थांबायचं, आणि हात दुखेपर्यंत चोळायचं. जास्त लावलं तर धूळ धरतं.

जाताना मेस्त्रींनी उरलेला चपडा बाटलीत भरून मला दिला आणि पेन्सिलीनं बाटलीवरच्या कागदावर महिना लिहायला लावला. विरघळवलेली लाख वर्षभरात म्हातारी होते, मग ती लावली तरी सुकत नाही, चिकट राहते. ओळखायचं कसं, तर काचेवर एक थेंब टाकायचा आणि दुसऱ्या दिवशी नख लावून पाहायचं. या माघात मी पाहिलं. नख रुतलं. बाटली ओतून टाकली, नवा चपडा रात्री भिजत घातला, आणि सकाळी दव उडाल्यावर भाऊंच्या कोपराच्या जागेवर, जिथं लाकूड मधासारखं दिसतं, तिथं बोळा एका कडेनं आत नेला आणि न थांबता दुसऱ्या कडेनं बाहेर काढला.